शंभर टक्के अंधार

२ मार्च, सोमवार. सकाळी १०.१५
आजपासून रोजनिशी. नोंद ठेवल्याशिवाय काम नीट होत नाही, हे मी सत्तावीस वर्षं बाटल्यांची झाकणं तपासून शिकलो आहे. माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही झाकणातून थेंब गळला नाही. गेल्या वर्षी कारखान्याने मला मुदतीआधीच निवृत्त केलं. आता तिथे काय काय गळत असेल ते त्यांचं त्यांना ठाऊक.

विषय असा. हिला इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तीन महिने रात्रपाळी लागली आहे. रक्ताच्या नळ्या, लेबलं, यंत्रं. सकाळी आठला घरी येते, आडवी होते, पण झोप लागत नाही. परवा हिने दोन नळ्यांवर अदलाबदल करून लेबलं लावली. सोबतच्या बाईंच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. तरी साहेबांनी पत्र दिलंच. पुन्हा अशी चूक झाली तर प्रयोगशाळेतून उचलून फायलींच्या खोलीत बसवणार. हिचा त्या कामावर जीव आहे. पत्र दाखवताना रडली.

मी जागच्या जागी निदान केलं. उजेड! झोपायच्या खोलीची खिडकी पूर्वेला, आणि पडदा असा की त्याच्याआड बसून पेपर वाचावा. हिला म्हटलं, हे माझ्यावर सोड. पंधरा दिवसांत खोलीत काळाकुट्ट अंधार करून देतो. ही म्हणाली, एखादी जाड चादर खिळ्याला अडकवली तरी चालेल. चादर म्हणे. लोक असं कसं जगतात?

३ मार्च. दुपारी १
जुना पडदा काढला. मागच्या बाजूला कबुतराची पिसं, कोळ्यांची जाळी आणि एक ओलसर काहीतरी, ज्याची चौकशी केली नाही. शिसारी आली. तिथेच झटकला. ही शिंकत उठून बसली. बारापर्यंत शिंकत होती. नाइलाज आहे, सुरुवात कुठेतरी करावीच लागते.

५ मार्च. संध्याकाळी
ब्लाइंड्सच्या, म्हणजे खिडकीच्या गुंडाळी पडद्यांच्या, दुकानात गेलो. नमुन्यांच्या वहीला हजार लोकांचे हात लागलेले, कोपरे तेलकट. एका तुकड्यावर कुणीतरी नाक पुसलं असावं. दुकानदार मोजायच्या टेपने पाठ खाजवत होता, तीच टेप त्याने माझ्यापुढे ठेवली. म्हणाला, सगळे ब्लॅकआउटच आहेत, उजेड अडवणारे. किती टक्के, विचारलं. म्हणाला, शंभर. एक तुकडा ट्यूबलाइटसमोर धरून त्याला भोकं दाखवली. मग म्हणाला, शंभरच्या आसपास.

या देशोधडीला लागलेल्या प्रामाणिकपणावर काय बोलायचं! अकरा तुकडे घरी आणले. आमचा माणूस फुकटात माप घेऊन जाईल, असं दुकानदार म्हणत होता. स्पष्ट नकार दिला. माझ्या खिडकीचं माप परक्याने घ्यायचं आणि मी बघत बसायचं?

७ मार्च, शनिवार. दुपारी ४
चाचणी पूर्ण. अकरा तुकडे, प्रत्येकाला वीस मिनिटं. तुकडा चिमट्यांनी लावायचा, उरलेली काच पुठ्ठ्याने झाकायची, दार लावायचं, स्टुलावर बसायचं आणि मोबाइलवर उजेड मोजायचा. अडचण एकच. मोबाइल चालू केला की त्याचाच उजेड पडतो. म्हणून माणसाच्या डोळ्यांवर भिस्त ठेवली. माझ्याखेरीज खोलीत हिचेच डोळे होते. दर तुकड्याला हिला एवढंच विचारलं, माझी किती बोटं दिसतात? पहिल्या चार वेळा उत्तर दिलं. पाचव्या वेळी म्हणाली, मिटले की एकही दिसत नाही. सहाव्यापासून डोक्यावर उशी घेतली. तक्त्यात लिहिलं: सहकार्याचा अभाव.

सातवा तुकडा पसंत. करडा, मागे रबराचा थर. वास उलटी येईल असा आहे, पण वासाचं नंतर बघू.

ही उठली तेव्हा डोळे लालभडक. म्हणाली, दीड तास झोप झाली असेल. म्हटलं, बघ, किती वाईट असतो उजेड.

८ मार्च
लेकीचा फोन. हिने तिला काहीबाही सांगितलेलं दिसतं. म्हणाली, आईसाठी डोळ्यांवर बांधायची पट्टी पाठवते, आणि बाबा, तुम्ही दुपारचे जरा बाहेर जात जा, मित्रांकडे वगैरे. माझ्या मित्रांचा आणि आईच्या झोपेचा संबंध काय, असं विचारल्यावर तिने फोन ठेवला. हल्लीच्या मुलांना मुळाशी जायची सवयच नाही.

१२ मार्च. दुपारी २.३०
माप घेतलं. सकाळी नऊपासून दर तासाला, कारण उन्हाने लाकूड फुगतं. त्यासाठी पलंगावर उभं राहावं लागतं. एकदा हिच्या पोटरीवर पाय पडला. एकदाच.

चौकटीची रुंदी ११८.४. ब्लाइंडच्या दोन्ही टोकांना खुंट्या बसतात, त्यांना जागा हवी, म्हणून दीड सेंटिमीटर वजा केले. ११६.९ असं ठळक लिहून फॉर्म दिला. फॉर्मच्या तळाशी काहीतरी बारीक अक्षरांत होतं. असली अक्षरं गिऱ्हाइकाला फसवण्यासाठीच छापतात, म्हणून वाचली नाहीत.

१८ मार्च
ब्लाइंडला अजून दहा-बारा दिवस. तोवर काचेवर कचऱ्याच्या काळ्या पिशव्या चिकटवल्या. ऊन वाढलं की गोंद सुटतो, पिशवी फडफडत खाली येते, मग आत जाऊन नवी चिकटपट्टी लावावी लागते. ती ओढली की चर्रकन आवाज होतो. आज पाच वेळा लावली. ही पाचही वेळा दचकून उठली. चिकटपट्टी बनवणाऱ्यांची मला किळस येते.

१९ मार्च
सहा वेळा.

२० मार्च
ही म्हणाली, पिशव्या पडू दे, मला चालेल. म्हटलं, तुला चालेल, पण मला बघवत नाही.

३० मार्च, सोमवार. दुपारी १
ब्लाइंड आलं! फिटर दहाला आला. हिचा नुकताच डोळा लागला होता, म्हणून तिला न उठवता पलंग तिच्यासकट सरकवला. इतकी काळजी कोण घेतं? पण ड्रिल सुरू झाल्यावर ही आपणहून उठून स्वयंपाकघरात जाऊन बसली. केसांत चुन्याची भुकटी.

फिटरने माझ्या चादरीला हात पुसले. चहाच्या कपात स्क्रू टाकले. ब्लाइंड बसवल्यावर बराच वेळ बघत राहिला आणि विचारलं, माप कुणी घेतलं? मी, असं सांगितलं. म्हणाला, हं. त्या एका ‘हं’मध्ये माझ्या सत्तावीस वर्षांचा अपमान होता.

दोन्ही बाजूंना उभी फट. बोटभर.

३१ मार्च. सकाळी ११
फटीतून आलेली उन्हाची तिरीप ९.२० ला हिच्या उशीवर पडते. १०.०५ ला नाकावर, १०.४० ला डाव्या डोळ्यावर. पुठ्ठा धरून तिरिपीच्या मागे मागे सरकत होतो. बरोबर डोळ्यावर असताना हिने डोळे उघडले. समोर मी, पुठ्ठा उगारलेला. अशी किंचाळली की वरच्या मजल्यावरचे खाली आले. त्यांना मापाची हकीकत सांगावी लागली. कुणालाही रस नव्हता.

२ एप्रिल
दुकानात जाऊन झाडलं. दुकानदाराने फॉर्म काढून बारीक अक्षरं मोठ्याने वाचून दाखवली: चौकटीचे पूर्ण माप लिहावे, आवश्यक ती वजावट आम्ही करतो. म्हणजे त्यांनी दीड वजा केले, मी दीड वजा केले. मी म्हणालो, अनुभवी माणूस वजावट करतोच. तो म्हणाला, अनुभवी माणूस वाचतो. मागे उभी असलेली गिऱ्हाइकं हसली. ओकारी यावी अशी माणसं आहेत.

फटी बुजवायला दोन्ही बाजूंनी खाचेच्या पट्ट्या मागवल्या आहेत. आता ब्लाइंड त्या खाचांतून वरखाली होईल. यात चूक होणं शक्यच नाही.

६ एप्रिल, सोमवार. सकाळी ९
ही आली ती झोपायला गेलीच नाही. पायांतले बूट न काढता पलंगाच्या कडेवर बसली. म्हणाली, रात्री यंत्रापाशी उभ्या उभ्या डोळा लागला. कपाळ यंत्रावर आपटलं. साहेबांनी बघितलं. आता फक्त एक चूक, मग फायलींची खोली. म्हणाली, थोडे दिवस ताईकडे जाऊन झोपते. ताई म्हणजे हिची मोठी बहीण.

मी म्हटलं, उत्तम! खोली मोकळी मिळाली की काम झपाट्याने होईल. हिने विचारलं, मी काय म्हणाले ते ऐकलंत का? म्हटलं, ऐकलं की. दहा दिवस दे.

लहान बॅग घेऊन गेली. कपाळावर खरंच टेंगूळ आहे.

९ एप्रिल
पट्ट्या आल्या. एक पट्टी चार मिलिमीटर जास्त लांब. मीच घासून बसवली. लोखंडाचा कीस हिच्या उशीत. झटकला.

१३ एप्रिल
वरच्या फटीतून गळती. खिडकीच्या माथ्यावर मखमलीची झालर ठोकली. दिसायला भिकार आहे, पण इथे बघायचंय कुणाला?

हिला रोज संध्याकाळी फोनवर प्रगती सांगतो. ही हो, हो म्हणते. आवाज बरा वाटतो. आशेने माणसाला बळ येतं.

१५ एप्रिल
दाराखालून गळती. किल्लीच्या भोकातून गळती. दिव्याच्या बटणावर एक लाल ठिपका जळतो, तो आजवर मला दिसलाच नव्हता! त्यावर काळं नेलपॉलिश लावलं. दुकानातली बाई विचित्र नजरेने बघत होती.

१८ एप्रिल, शनिवार. दुपारी १२
भर दुपार, आणि खोलीत शून्य गळती. नाकासमोर हात धरला तर स्वतःचा हात दिसेना. सात आठवडे सगळ्या जगाने अडवलं, तरी करून दाखवलं. खोलीचा फोटो काढला. संपूर्ण काळा. हिला पाठवला, लेकीला पाठवला. लेकीने विचारलं, बाबा, फोन बिघडला का? हिचं उत्तर आलं नाही. उद्या स्वतः जाऊन घेऊन येतो.

१९ एप्रिल, रविवार. दुपारी १
ताईंकडे अकराला पोचलो. बेल दाबणार तोच त्यांनी दार उघडलं आणि तोंडावर बोट ठेवलं. ही गॅलरीत झोपली होती. गॅलरीला तिन्ही बाजूंनी काचा, पडदा नावालाही नाही. खाली रस्ता खोदणारं यंत्र धडधडत होतं. आत टीव्ही चालू होता. ऊन सरळ हिच्या चेहऱ्यावर. तोंड किंचित उघडं, एक हात घडीच्या खाटेबाहेर लोंबत होता.

ताई हळूच म्हणाल्या, रोज नऊला झोपते ती चारलाच उठते. एकदम गाढ. साहेबही खूश आहेत, पत्र मागे घेतलं म्हणे.

मी उजेड मोजायला मोबाइल काढला. आकडा वाचून अंगावर काटा आला. ताईंना सांगितलं की ही खरी झोप नव्हे, इतक्या उजेडात शरीराची फसवणूक होते. निदान एक चादर तरी लावतो म्हणून पुढे झालो, तर त्यांनी माझं कोपर धरलं. म्हणाल्या, भाऊजी, हात जोडते, इथे काही करू नका. रागावल्या नव्हत्या. त्याचंच जास्त लागलं.

जरा वेळ दारात उभा राहिलो. ही झोपेत अशी दिसते हे मी विसरलो होतो. हिला उठवून काळ्या खोलीबद्दल सांगावं असं दोनदा मनात आलं. उठवलं नाही. या सगळ्या काळात ही समोर झोपलेली असताना न उठवलेला हा बहुधा पहिलाच दिवस.

२० एप्रिल. सकाळी १०.३०
हिचा निरोप आला. रात्रपाळी पुढच्या महिन्यात संपणार होती. हिने साहेबांकडून आणखी तीन महिने मागून घेतले, मिळाले. तोवर ताईकडेच राहीन, जेवणाची आबाळ करू नका, असं लिहिलं आहे. पुढे लिहिलंय: माझी उशी आणि कपड्यांचे चार जोड आणून दाराबाहेर ठेवा, बेल वाजवू नका.

रात्रपाळी मागून घेतली. स्वतःहून. चार वेळा वाचलं.

ब्लाइंड तपासलं, चौकट तपासली, किल्लीचं भोक तपासलं. इतके दिवस हिच्या उशाशी स्टुलावर कोण बसलं होतं ते तपासलं नाही.

उशी आणायला खोलीत गेलो. काहीही दिसेना. बटणावर पॉलिश वाळून घट्ट बसलंय, ते दाबलं जाईना. चाचपडत पलंगापर्यंत गेलो, गुडघा आपटला, उशी सापडली नाही. शेवटी ब्लाइंड वर केलं.