शोभाबाई फ्रेममधी

शनिवार, संध्याकाळ

माफी? कायची माफी?

आज शाळेत शोभाबाईचा निरोप समारंभ होता. आमची खिचडी शिजवता शिजवता केस पांढरे झाले त्यायचे. शूटिंग आमच्या मीडियाच्या वर्गाकडं होतं अन् कॅमेरा माह्याकडं. शाल द्यायच्या वेळेस शाळेच्या अध्यक्षसाहेबांसंग सहा जण पुढं घुसले. सगळ्यायचे हात शालीवर, सगळ्यायची तोंडं कॅमेऱ्याकडं. अन् बाई? दोन पांढऱ्या शर्टांच्या मधात त्यायच्या हिरव्या लुगड्याचा काठ, बस तेवढाच दिसत होता.

मी ट्रायपॉडमागून म्हटलं, "साहेब, थोडं बाजूले व्हा. बाई दिसून नाही राह्यल्या."

साहेब सरकले, पण तोंड उतरलं त्यायचं.

मंग आमचे मीडियाचे सर भडकले. "कॅमेरावाल्यानं बोलायचं नसते. सोमवारी साहेबांची माफी माग, नाहीतर प्रॅक्टिकलचे मार्क विसर." ज्याचा कार्यक्रम, तो फ्रेममधी पाहिजे, हे वर्गात कोणं शिकवलं? सरायनंच ना? मंग मी चुकली कुठी? साहेबांले हात जोडून सांगाले पाहिजे होतं का? घरी आल्यापासून इचार करून राह्यली, अन् डोळ्यासमोर तो हिरवा काठच येते.

शाळेतून निघताना शोभाबाई हळूच जवळ आल्या होत्या. "पोरी, मी आली का वं त्याच्यात?"

मी कॅमेऱ्यावर लावून दाखवलं. शाल पांघरलेल्या बाई, पुऱ्याच्या पुऱ्या. त्या पाहातच राह्यल्या. म्हणाल्या, "आणखी एकडाव लाव."

तीनदा लावलं.

मी नाही मागत माफी.