हेडमध्ये ढिलेपणा चालणार नाही

२ ऑक्टोबर २००६, दसरा. सकाळी १०.
मी, हंबीरराव ज्ञानू लोहार, वय ७१, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, धंदा फिटर व टर्नर, स्वतःचे एक लेथ, राहणार उद्यमनगर, कोल्हापूर, लेथच्या शेडमागे, पूर्ण शुद्धीवर राहून लिहितो की, माझा मुलगा धैर्यशील याचे रेडिओवर चालणारे नादुरुस्त हेलिकॉप्टर मी आजपासून जोडावयास घेत आहे.

कारण असे. गेल्या डिसेंबरात कागलच्या रस्त्यावर ट्रकने त्याची मोटारसायकल उडवली. दहाव्या दिवशी पंचगंगेच्या घाटावर कावळा पिंडाला शिवेना. सुनेला सांभाळू, असे सर्वांनी सांगून झाले. कावळे बसून राहिले. तेव्हा मी मोठ्याने म्हणालो की, वर्षाच्या आत तुझे हेलिकॉप्टर मी स्वतः जोडीन व स्वतः उडवीन. कावळा तत्काळ शिवला. वर्षश्राद्ध ४ डिसेंबर रोजी आहे.

यंत्र साधे आहे. ज्याने चाळीस वर्षे ऑइल इंजिने जोडली, त्यास आठ दिवस पुरेत. पुस्तिका इंग्रजीत आहे, ती लागणार नाही. आज लेथसोबत त्याचीही पूजा केली.

धैर्यशील कागलला का गेला, हे लोक विचारतात. हेलिकॉप्टरच्या हेडमधील बोटभर लांबीची दांडी वाकली होती, ती त्यास लेथवर नवी करून हवी होती. त्या सायंकाळी माझ्या लेथवर तातडीचे काम होते. म्हणून तो तिकडच्या कारखान्यात गेला. इतकेच.

४ ऑक्टोबर.
ती दांडी केली. वेळ दहा मिनिटे.

५ ऑक्टोबर.
रोटर हेड उघडले. हेड म्हणजे माथ्यावरचा भाग, ज्यात दोन्ही पाती बसतात. दांडीच्या दोन्ही बाजूंस काळ्या रबराच्या चकत्या निघाल्या. त्यांच्यामुळे पाती किंचित वरखाली हलतात. ही कारखानदाराची हयगय. चकत्या काढून गनमेटल धातूचे घट्ट बुश करून बसवले. आता केसभरही प्ले, म्हणजे ढिलेपणा, नाही. सून संयोगिता चहा घेऊन आली. तिचे म्हणणे, रबर मुद्दाम दिलेले आहे. पुस्तिका ती वाचून दाखवी व धैर्यशील जोडत असे. तिला समजावले की, ढिलेपणा तो ढिलेपणाच. चकत्या तिने उचलून नेल्या.

सायं. ६.१५. एक गोष्ट नमूद करतो. हातातील रिमोट बंद होता, हेलिकॉप्टरचा स्विच चालू राहिला होता. हेड आपोआप हलले. दोनदा. आतील लहान मोटारी रिमोटच्या आज्ञेनेच हलतात. आज्ञा कोणीही दिलेली नव्हती. धैर्यशील घरातून निघाला ती वेळ हीच.
मी घाबरलो नाही. दार उघडे ठेवून बसलो, ते उकाड्यामुळे.

११ ऑक्टोबर.
पहिली चाचणी, यंत्र टेबलास बांधून. पाती वेगात येताच यंत्र हिवताप भरल्याप्रमाणे थरथरले, टेबल चालू लागले, फळीवरचा ग्रीसचा डबा खाली आला. पत्नी चिमणाबाई बाहेरून म्हणाल्या की, आत म्हैस बांधली आहे काय. दोष टेबलाचा. टेबल बदलणे.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन.
टेबल बदलले. नवे टेबलही सदोष निघाले.
हेड बहुतेक रोज सव्वासहाला हलते. मी रोज समोर बसतो. आज प्रश्न विचारले. होय असेल तर दोनदा हलावे, असे ठरवून दिले. बरा आहेस काय, असे विचारले. हलले नाही. माझ्यावर राग आहे काय, असे विचारले. सात-आठ वेळा हलले आणि थांबेना. मी स्विच बंद केला. घरी पणत्या लावल्या होत्या, तिकडे गेलो नाही.
येथे स्पष्ट करतो की, त्या सायंकाळी वीजही गेलेली होती. तातडीचे काम होतेच, शिवाय वीज नव्हती.

५ नोव्हेंबर.
खरा दोष सापडला. पाती धरणारे बोल्ट सैल आहेत. पाते हाताने हिसडल्यास वळते. असली सवय धैर्यशीलास कोणी लावली ठाऊक नाही, मी तर नाही. लांब पान्याने पूर्ण आवळले.
दुसरी चाचणी. थरथर वाढली. शेपूट तुटले. एक पाते मोडून शेजारी कृष्णातच्या वेल्डिंगच्या शेडवर गेले. कृष्णात ते घेऊन आला आणि म्हणाला की, तात्या, येणार असाल तर आधी पत्र तरी टाकत जावा. मी हसलो नाही. सुटे भाग पुण्याहून मागवले. फोन संयोगिताने केला. भागांची नावे तिला पाठ आहेत. मी ते आश्चर्य दाखवले नाही.

१८ नोव्हेंबर.
पाच दिवस झाले, हेड हलले नाही. बोल्ट तपासले, बॅटरी तपासली, सर्व ठीक. रुसला असावा. लहानपणीही बोलायचा बंद होई. जेवण गेले नाही.

२० नोव्हेंबर, सायं. ६.१५.
हलले. चिमणाबाईंकडे साखर मागितली, कारण सांगितले नाही. कृष्णातही मेहुण्याचे लग्न उरकून आजच आजऱ्याहून परतला व त्याने काम सुरू केले. या दोन गोष्टींचा परस्पर संबंध नाही.

२६ नोव्हेंबर.
संयोगिताने शेडच्या दारात उभे राहून कृष्णातास हाक दिली. पलीकडे त्याने वेल्डिंगची ठिणगी पाडली. हेड हलले. त्याने थांबवले, थांबले. असे तिने तीनदा करून दाखवले. कृष्णात येऊन सांगू लागला की, भारनियमन सहाला संपले की तो कामास बसतो, आणि ठिणगी पडली की घरोघरचे रेडिओ खरखरतात, त्याच्या बायकोचे त्यावरून रोजचे भांडण आहे. मी त्यास जाण्यास सांगितले.
संयोगिता थांबली. म्हणाली, "मामा, ते ह्यात न्हाईत."
मी उत्तर दिले की, वेल्डिंगचे कारण मला प्रथमपासून ठाऊक होते.
स्विच बंद केला. शेड फार मोठे वाटते.

२ डिसेंबर.
तिसरी चाचणी. नवी पाती, नवे शेपूट, गनमेटलचे बुश, बोल्ट पूर्ण आवळलेले. थरथर तीच. इंजिन मीच बंद केले. आता सांगण्यासारखे कारण सापडत नाही. हवामान दमट असावे.
पाना खाली ठेवून बसलो असता संयोगिता आली. तिने न विचारता हेड उघडले, माझे बुश काढून माझ्या हातात दिले. शिवणाच्या डब्यातून त्या रबरी चकत्या आणल्या, बसवल्या. मग बोल्ट सैल करू लागली. मी हात धरला. ती म्हणाली, "पाती फिराय लागली की आपली जागा आपण घेत्यात, मामा. आवळून धरायचं न्हाई."
हात सोडला. वेळ वीस मिनिटे. काम माझ्या देखरेखीखाली झाले.

४ डिसेंबर, वर्षश्राद्ध. सकाळी ८. शेंडा पार्कचा माळ.
पाती फिरली. थरथर नाही. रिमोट माझ्या हातात होता. काडी अंगठ्याने वर ढकलावयाची, एवढेच काम. अंगठा पुढे जाईना. वारा फार आहे, असे मी म्हणालो. वारा नव्हता. इंजिन तसेच चालू राहिले, आणि सर्व जण माझ्याकडे पाहत राहिले.
संयोगिताने हात पुढे केला. मी रिमोट दिला. धैर्यशीलने तिला दोन वर्षे याच माळावर शिकवले होते, हे मला आज समजले. हेलिकॉप्टर कमरेइतके वर आले, एका जागी ठरले, आणि जसे उठले तसे गवतावर बसले. ते मी उडवले नाही.
इंजिन बंद झाल्यावर मी, कोणी विचारलेले नसता, सांगितले की, त्या सायंकाळी लेथ मोकळे होते. वीजही होती. खेळण्यासाठी माझे लेथ चालणार नाही, असे मी त्यास म्हणालो.
चिमणाबाई म्हणाल्या, "ठावं हाय आमास्नी. जाताना सांगूनच गेलता त्यो."
संयोगिता रिमोटची एरियलची तार मिटत होती. चिमणाबाई मग म्हणाल्या की, चला, भटजी येऊन बसले असतील.

वरील सर्व खरे आहे.
समक्ष हजर: चिमणाबाई हंबीरराव लोहार, पत्नी. संयोगिता धैर्यशील लोहार, सून. कृष्णात, वेल्डर, शेजारी.
धैर्यशील हंबीरराव लोहार हजर नव्हता.