थांबायची रेघ

तीर्थस्वरूप भावोजींस,

तुमच्या धाकट्या मेव्हण्याचा साष्टांग नमस्कार (सध्या मनातल्या मनात, दोन्ही गुडघे खरचटलेत, का ते पुढे येईलच). तुमचा गुडघा कसा आहे? नात झोपू देते का? लेकीकडे गेलाच आहात तर चांगले महिनाभर राहा, परत यायची मुळीच घाई करू नका. इकडे सगळं झकास. तुमच्या जागी मुकादम म्हणून माझंच नाव पुढे आहे, येत्या सोमवारी नगरपालिकेचे साहेब सही करणार आहेत. करणार होते, असं म्हणू या. मध्ये एक बारीकसा अपघात झाला.

छे छे, घाबरू नका! मंगळवारी सकाळी मी माझ्या खटाऱ्यातून बेकरीच्या रस्त्याने चौकाकडे निघालो होतो. शाळेच्या रस्त्याने एक बाई गाडी घेऊन आल्या. मी म्हटलं, त्या थांबतील, कारण थांबायची पांढरी रेघ त्यांच्या रस्त्यावर आहे. त्यांना वाटलं मी थांबेन, का ते देव जाणे. दोघंही इतके हळू होतो, की आदळायलासुद्धा आम्हाला बराच वेळ लागला. मधल्या काळात हॉर्न झाले, डोळे वटारून झाले, मग टक्! माझा बंपर लोंबला आणि त्यांचा डावा दिवा गेला. काय गाडी होती हो! दारात बघून दाढी करावी इतकी चकचकीत. मला खरंच फार वाईट वाटलं.

बाई उतरल्या त्या बोलतच. लहानपणापासून ओळखत असल्यासारखा त्यांनी माझा उद्धार केला (मी शाळेत एकाच इयत्तेत दोनदा बसलो, हेसुद्धा चौकाला कळलं). न्हावी धावत आला, त्याच्यामागे अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक आलं. न्हावी म्हणाला चूक बाईंची, गिऱ्हाईक म्हणालं माझी, आणि ते दोघं आपसात इतके जुंपले की काही वेळ आमच्याकडे कुणी बघेचना. तेवढ्यात हवालदार आले आणि त्यांनी विचारलं, आधी जायचा हक्क कुणाचा?

इथे माझी अक्कल गहाण पडली, भावोजी. मी भर रस्त्यात गुडघ्यांवर बसलो आणि रेघ दाखवली. म्हटलं, ही बघा, बाईंच्या चाकाखाली! आणि कड बघा तिची! दोरी ताणून मारलीय, केसभर इकडेतिकडे नाही, असा हात अख्ख्या गावात दुसरा नाही! हवालदारांनी विचारलं, कुणाचा हात? मी छाती काढून म्हटलं, माझा! त्यांनी ते लिहून घेतलं.

मग आमचे साहेब नकाशा घेऊन आले. नकाशात रेघ बेकरीच्या रस्त्यावर. म्हणजे माझ्या! आता बघा गंमत. रेघेप्रमाणे बाई चुकल्या, नकाशाप्रमाणे मी चुकलो. ड्रायव्हर म्हणून सुटावं तर रंगारी म्हणून अडकतो, रंगारी म्हणून सुटायचं तर रेघच खोटी. साहेब शांतपणे म्हणाले, "सोमवारपर्यंत ठरव, तुला कोण म्हणून चुकायचंय."

ती रेघ मारली ती सकाळ तुम्हाला आठवत असेल. तुम्ही चष्मा घरी विसरला होतात आणि नकाशा टेम्पोच्या बॉनेटवर आडवा पसरला होतात. मला दिसत होतं हो! पण ताईशी तुमचं लग्न झाल्यापासून आमच्या घरात पहिला चहा तुमचा, खिडकीजवळची खुर्ची तुमची, बोलायची पहिली पाळीही तुमचीच. तिथे "भावोजी, कागद आडवा आहे" म्हणायची कुणाची छाती? मी मुकाट्याने रंगाचा डबा उघडला आणि रेघ मारली. त्या चौकात कधी कुणी थांबतच नाही, म्हणून अकरा महिने कुणाच्या लक्षातही आलं नाही.

असो. तुमचं नाव मी कुठेही घेतलेलं नाही आणि घेणारही नाही. बढती गेली तर गेली (जाऊ नये असं फार वाटतं, पण ते असो). सहज कळवलं इतकंच. तब्येतीला जपा.

तुमचा आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. उलट टपाली दोन ओळी लिहून पाठवाल का? "नकाशा मी आडवा धरला होता", बस, आणि खाली सही. तुम्ही निवृत्त झालात, तुमचं कोण काय वाकडं करणार?

आणखी एक ता. क. ती चकचकीत गाडी तुमचीच. बाई म्हणजे आपली ताई. तुमची पाठ वळल्यापासून रोज सकाळी चालवायला शिकतेय (शिकवणारा मीच, ओरडू नका). रेघेपाशी का थांबली नाहीस विचारलं, तर म्हणते, "ह्यांच्या कपाटात खालच्या कप्प्यात नकाशा अंथरलाय, त्यात माझ्या रस्त्यावर रेघच नाही, मी कशाला थांबू?" त्या सकाळच्या त्याच नकाशाच्या कडेला तुमच्या हातचा "वर" लिहिलेला बाण आहे, भावोजी. आडवा.

शेवटचा ता. क. ताई खांद्यामागून हे सगळं वाचतेय. सांगते, चिठ्ठी रविवारपर्यंत आली नाही तर ती स्वतः गाडी घेऊन तुम्हाला आणायला निघेल. वाटेत कुठेही थांबणार नाही म्हणते.