धाकट्या राणीचा पट्टा

गुरुवार, १६ जानेवारी

कोपऱ्यावर अनुजाचा बोर्ड लागला! "पेठेची वाघीण." फोटोत डोळे मिटलेत, पण असू दे. उद्या सिनेमा लागतोय. त्यातल्या धाकट्या राणीच्या लढाईत नटीच्या जागी दांडपट्टा फिरवलाय तो माझ्या लेकीनं.

यांना म्हटलं, तुम्ही वस्ताद, सगळी तालीम निघालीय, तुम्हीही चला. "मला न्हाय जमत." एवढंच. शूटिंगला तिच्याबरोबर जाऊन राहिले, आणि आता बघायला जमत नाही म्हणे.

शुक्रवार, १७ जानेवारी

सिनेमा टुकार. दरबार म्हणजे निव्वळ मंगल कार्यालय — तेच झुंबर, त्याच लाल खुर्च्या. थोरली आणि धाकटी राणी गादीसाठी भांडतात, पण आमच्या नळावरच्या भांडणात याहून जास्त जीव असतो. राजा मरेपर्यंत केस सावरत होता. शेजारची पद्मावती तर चक्क घोरायला लागली.

मग ती लढाई आली. धाकटी म्हणजे सिनेमातली कपटी बाई. नाकापर्यंत पदर, कॅमेरा सगळा पाठीमागूनच. तिनं आधी वाकून मातीला हात लावला, तो कपाळाला टेकवला आणि थोरलीला सलामी दिली. समोरच्याला सलामी दिल्याशिवाय हत्यार उचलायचं नाही, ही आमच्या तालमीची रीत. मग पट्टा असा फिरला की पातं दिसेना. अख्खं थिएटर उभं राहिलं, कपटी बाईला शिट्ट्या! शेवटी थोरली जिंकली तर कुणी टाळीसुद्धा वाजवली नाही.

मी रडले. असली लेक पोटी यायला भाग्य लागतं. अनुजा मात्र शेजारी ओढणीचं टोक चावत बसली होती. लाजते पोरगी.

शनिवार, १८ जानेवारी

यांना सरळ विचारलं — पोरीचा हेवा वाटतो का? अर्ध्या ताटावरून उठले.

रविवार, १९ जानेवारी

तालमीत सत्कार झाला. फेटा, शाल, हार, काही कमी नाही. तालमीचे अध्यक्ष आण्णा माईकवर म्हणाले, "आकाराम वस्तादांच्या मागं आता अनुजाच वस्ताद. हाय का कुणाची ना?" कुणाचीच ना नव्हती. माझी मान एवढी ताठ झाली की दुखायला लागली.

यांना स्टेजवर बोलावलं तर दारातच उभे. मला राहवेना. सगळ्यांसमोर मीच म्हणाले, "लेकीचं कवतिक बघवंना व्हय तुमास्नी?" हे खाली मान घालून चपला शोधायला लागले. अनुजानं शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि भाषण न करताच खाली उतरली. दोघांचाही राग आला. बाप तसा, लेक तशी.

सोमवार, २० जानेवारी

सकाळी भांडी घासता घासता अनुजा रडायला लागली.

"आई, त्यो पट्टा माझा न्हवं. त्या दिवशी माझा खांदा उतरलाता. सिनेमावाल्यांनी दुसरी कुणी आणली असती, तर तालमीचं नाव गेलं असतं. आपल्या आबांनी मिशी काढली आन् नऊवारी नेसली. म्हणाले, कुणाला सांगशील तर माझी शप्पत."

मिशी! शूटिंगहून बिनमिशीचे आले, तेव्हा मी तिथल्या न्हाव्याला आठवडाभर शिव्या घातल्या होत्या. अख्ख्या कोल्हापुरात असा मर्द नाही. आणि त्याला मी काल चारचौघांत काय बोलले!

दुपारी दार लावून घेतलं. यांना पाटावर बसवलं, कुंकू लावलं, खण-नारळ पुढं केला.

"ह्ये बाईमाणसाचं मला कशाला?"

म्हटलं, "धाकट्या राणीची ओटी हाय."

 मग यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून पुढं पसरला.