तंगडी, मधमाश्या आणि होऊ घातलेला जावई

थॉर्नबेक,
रविवार दुपार

प्रिय एडिथताई,

वाकून नमस्कार. (कंबरेत उसण भरली आहे, तेव्हा जेवढा वाकलो तेवढा गोड मानून घे.) तुझा गुडघा काय म्हणतो? इथे आम्ही सगळे ठीक, म्हणजे अर्धपोटी.

तुझी भावजय डॉर्कस रविवारी मेंढ्याची तंगडी भाजते आणि ती शनिवारपर्यंत पुरवते, हे तुला ठाऊकच आहे. सोमवारी थंडगार काप, मंगळवारी खिमा, पुढे पुढे नुसता वास. यालाच आपण ‘ईक आउट’ करणं म्हणतो. त्यात भर म्हणून तो मधमाश्या पाळणारा सेप्टिमस होलरॉयड! गेली नऊ वर्षं दर रविवारी आमच्या आयडाला भेटायला येतो, दोनदा वाढून घेतो, हवेबद्दल बोलतो आणि टोपी घालून चालू लागतो. लग्नाचं नाव नाही! पोरगी चौतिशीला आली, ताई. माझा जीव तुटतो गं.

आज पाद्रीबाबाही जेवायला होते. (तंगडी तेवढीच.) ताटातला कागदासारखा काप न्याहाळत ते म्हणाले, "‘ईक आउट’ या शब्दाचं आपण पार वाटोळं केलंय. जुन्या इंग्रजीत ‘ईक’ म्हणजे वाढवणं, भर घालणं. आहे तेच ताणत बसणं नव्हे!" यावर सेप्टिमस जन्मात पहिल्यांदा हवा सोडून दुसरं काही बोलला. म्हणाला, "आम्ही माश्या राहतात त्या गवती टोपलीखाली जास्तीचं कडं बसवतो ना, त्यालाही ईकच म्हणतात. माश्यांना जागा कमी पडायच्या आत ते घालावं लागतं. नाहीतर उठून जातात."

झालं, माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अरे शहाण्या, माश्यांची एवढी काळजी! आणि माझी पोर इतकी वर्षं ताटकळतेय, तिचं काय? ती उठून गेली म्हणजे डोळे उघडणार का तुझे?" डॉर्कसने मला गप्प करायला टेबलाखालून लाथ मारली, ती पाद्रीबाबांना बसली. ते बिचारे दुसऱ्यांदा वाढून घ्यायलाच विसरले, तेवढीच आमची बचत.

सेप्टिमस लालबुंद झाला. हातातला काटा खाली ठेवून सगळ्यांसमक्ष आयडाला म्हणाला, "घराला एक खोली वाढवतो. येशील?" ताई, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. डॉर्कसने तर आनंदाच्या भरात त्याला आणखी एक जाड काप वाढला. उद्याचा!

तुझा धाकटा,
एमस

ता. क. आयडा काय म्हणाली ते लिहायचं राहिलंच. "विचार करून सांगते, घाई काय आहे?" असं म्हणाली आणि बशा उचलायला लागली! तुझं ती ऐकते. एकदा येऊन चांगले कान उपट तिचे.

आणखी एक. यायची घाई मात्र करू नकोस. नाताळ होऊन जाऊ दे. एवढा एक नाताळ ती आमच्या घरात असावी, असं वाटतं.