लाल काठाच्या गोण्या

१० जाने. ९४, सोम.
शेठनी आम्हा दोघांना एकत्रच बोलावलं. हे बॉयलरवर, मी प्लास्टिक निवडायच्या शेडमध्ये, त्यामुळे आधी वाटलं रजेचं काही असेल. तर म्हणाले, "शीलाबेन, लाकडुं परवडतुं नथी. कचरो बॉयलरमां नाखी जोइए." काही दिवस लाकडाऐवजी प्लास्टिकचा कचरा जाळून बघायचं. जमलं तर लाकूड वाचेल, निवडायची शेड बंद. नाही जमलं तर वापीहून जुनी मशीन आणायची, कचरा वितळवून विकायला प्लास्टिकचा दाणा करायचा. मग निवडायला बायका हव्याच.
वर यांना म्हणाले, जमलं तर तुला पर्मनंट करतो.
म्हणजे यांचं जमलं की माझ्या शेडमधल्या खडोलीच्या बायका घरी. मीसुद्धा. शेठना हे कळत नसेल? चांगलं कळतं.

११, मंगळ.
घरात कोणी विषय काढत नाही. कळण्याची भाकरी, ठेचा. यांनी परत ठेचा मागितला, म्हणजे डोक्यात काहीतरी चाललंय. शेवटी म्हणाले, "पर्मनंट झालो ना, तर ही खोली सोडून..." पुढचं गिळलं. धुळ्याहून आल्यापासून ऐकतेय, पाठ आहे मला.

१२, बुध.
पहिला दिवस. शेठचा हुकूम, निवडायचं नाही, जसं येईल तसं घाला. पिशव्या, पाइपचे तुकडे, वायरची सालं, सगळं एकत्र. चिमणीतून काळा धूर. वितळलेलं जाळीवर थापलं गेलं, ते यांनी सळईने खरवडून काढलं. घरी आले ते डोळे लाल, आवाज बसलेला. हळद घालून दूध दिलं. म्हटलं, वायरची सालं आणि पाइप तेवढे घालू नका, त्याचाच धूर झोंबतो.
"निवडत बसू का आग सांभाळू?"
बरोबर आहे. निवडणं माझं काम. खूप चिडचिड झाली, कोणावर ते कळेना. भांडी आपटून झाली.

१४, शुक्र. संक्रांत.
शेडमध्ये तिळगूळ वाटला. जमनी, आमच्यातली सगळ्यात जुनी, विचारते, "बाय, आमचा काय ठरला?" म्हटलं, बघू. तिने तिळगूळ खाल्ला नाही, नातवासाठी पदराला बांधला आणि टाकीवर जाऊन बसली. पाण्यावर तरंगतं ते घ्यायचं, बुडतं ते बाजूला. वायर, पाइप बुडतात.
जेवणाच्या सुटीत मी एकटीने यांच्यासाठी गोण्या भरल्या. नुसतं तरंगणारं, उन्हात वाळवलेलं. जुन्या साडीचा लाल काठ फाडून तोंडं बांधली. बाकीच्यांना सुतळी असते, म्हणजे घोळ नको. यांना सांगितलं, लाल काठाचीच घाला.
"शीला, हे नीट जळलं तर तुझी शेड जाईल."
म्हटलं, माहीत आहे. पण छाती तुमची आहे.

१७, सोम.
लाल काठ चालू. धूर पांढुरका, आच लाकडापेक्षा जोरात, वाफ भरपूर. यांना खोकला नाही. दोन घास जास्त जेवले.
शेठ खूश. चिमणीखाली उभे राहून सगळ्यांना ऐकवतात, बघा, न निवडता कसं झकास जळतं. न निवडता म्हणे. हे खाली बघत होते. मला हसू आलं, मग हसू कुठल्या कुठे गेलं.

१८, मंगळ.
जमनीने मला काठ बांधताना पाहिलं. "ही कोणाची गोणी गं, बाय?" खरं ते सांगितलं. ती टाकीकडे तोंड करून बसली, दिवसभर माझ्याकडे पाठ. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी हिच्या पोटावर पाय देतेय, आणि तेही तिनेच शिकवलेल्या हाताने. दुसरं काय करू, तेही सुचत नाही.

१९, बुध.
उद्या मुंबईहून शेठचे भागीदार येणार. चिमणी बघून ते ठरवणार. लाल काठाच्या तीन गोण्या बॉयलरखोलीत भिंतीशी लावून ठेवल्या. यांना दाखवल्या. नुसती मान हलवली.

२०, गुरु.
भागीदार पांढऱ्या सफारीत. आम्ही सगळ्या शेडच्या दारात. आधी बारीक धूर. मग काळा, जाड, खाली उतरणारा. भागीदारांनी नाकाला रुमाल लावला, सफारीवर काजळीचे ठिपके. शेठ यांच्यावर ओरडले. हे खोकत खोकत म्हणाले, "जसं येतं तसं घातलं, शेठ. तुम्हीच सांगितलं होतं."
भागीदार गाडीत जाऊन बसले. शेठ म्हणाले, विचार करू. पर्मनंटचं नाव नाही.
कामावरून सुटल्यावर मी बॉयलरखोलीत गेले. तिन्ही गोण्या भिंतीशी तशाच, लाल काठाच्या गाठींना हातसुद्धा लागलेला नाही.
घरी यांच्या डोळ्यांवर गार दुधाच्या घड्या ठेवल्या. विचारलं, गोणी चुकली का?
"हो. गडबडीत."
लाल आणि सुतळी यांना कळत नाही होय. राग आला, इतक्या वर्षांचं पर्मनंट धुरात घातलं म्हणून. आणि इतकं बरं वाटलं की घडी बदलायची विसरले.

२२, शनि.
शेठचं अजून काही ठरलेलं नाही. कोणी म्हणतं वापीला मशीन बघायला माणूस गेलाय. कोणी म्हणतं, परत जाळून बघणार. यांचा खोकला हटत नाही, डॉक्टरकडे चला म्हटलं तर सोमवारी बघू. जमनीने वालाच्या शेंगा दिल्या, "घरवाल्याला घाल" म्हणाली.
गोण्यांचे काठ सोडून आणले, धुऊन दोरीवर टाकले. हे बघत होते.
"ठेव नीट. शेठ परत जाळा म्हणाले तर लागतील."
म्हटलं, मी बांधीन हो. पण या वेळी सोडाल ना गाठी?
हे खोकले. खोकला खरा होता का उत्तर टाळायचा, कळलं नाही.