शेवटच्या वेशीचा रखवालदार

भिंगार,
रविवार, ७ सप्टेंबर २०२५

प्रिय डॅनी,

येशूच्या नावात ताईचा प्रेमाचा सलाम. आम्ही सगळे बरे आहोत. बाबांचा खोकला जरा वाढलाय, पण सध्या हवाच तशी आहे. तुझी भाची प्रार्थना दहावीला गेली, अभ्यास सोडून बाकी सगळं मन लावून करते. शेजारच्या साळूबाई तुझी चौकशी करतात. कागदावर लिहितेय, कारण फोनवर बाबांचं नाव काढलं की तुझी रेंज जाते. वाचकांच्या पत्रांना मात्र तू उत्तरं देतोस म्हणे. तर मला वाचक समज.

तुझी मुलाखत प्रार्थनाने मोबाईलवर दाखवली. "माझ्या कादंबऱ्यांत राजकारण आहे, धर्म नाही. तो मी केव्हाच मागे टाकला." वा रे शहाण्या! तुझ्या सात वेशींच्या राज्यात बंडखोर एकच भाकरी मोडून सगळ्यांना वाटतात आणि म्होरक्या शेवटी खातो. ती भाकरी कुठून आली? कलेक्टर कचेरीवरच्या मोर्चातून? मोर्चात तर वडापाव असतो, एक भाकरी मोडून वाटतात ती चर्चमधल्या प्रभुभोजनाला. आता मोर्चातलंही खूप काही आहे तुझ्या पुस्तकांत, ते मी नाकारत नाही. पाणी सगळ्यांचं, जमीन कसेल त्याची, हे तू नगरच्या रस्त्यावर घसा बसेपर्यंत ओरडून शिकलास. पण तुझा म्होरक्या हे बोलतो कसा? हरवलेल्या मेंढराचे दाखले देत, थेट बाबांच्या रविवारच्या उपदेशासारखा. मी वाचताना एकटीच हसत होते.

आता खरी बातमी. बाबांना दिसत नाही हल्ली. त्यामुळे रोज जेवणाआधी मी त्यांना तुझी पुस्तकं वाचून दाखवते. त्यांनीच मागितली. उडणाऱ्या बैलांना लई हसले. "आन् ह्यांच्या शेनाचं काय? कुनाच्या डोक्यात पडत आसंल?" असं विचारलं त्यांनी. बंडखोरांनी धान्याची कोठारं फोडली तेव्हा मांडीवर थाप मारून "बरं केलं!" म्हणाले. मला फार बरं वाटलं, डॅनी. मला वाटत होतं, ते ऐकूनच घेणार नाहीत.

मग तिसरा भाग लागला. त्यात ती म्हातारी हातात तेलाची बुधली घेऊन शेवटच्या वेशीवर येते आणि रखवालदार म्हणतो, तुझ्या हाताला परक्या देवाचं तेल लागलंय, तुला आत जागा नाही. ते पान मी गाळणार होते. अर्ध्यावर थांबून मी पान उलटलं, तसे बाबा म्हणाले, "वाच. ती कोन हाय ते मला ठावं हाय. आन् त्यो कोन, तेबी."

आपण इतकी वर्षं आत्याचं नाव घेतलं नाही. आज एकदा सगळं लिहून टाकते. आई गेल्यावर मरियाआत्यानेच आपल्याला वाढवलं. तुला मेंदूज्वर झाला आणि तू शुद्धीवर येईनास, तेव्हा तिने उपास केले, प्रार्थना केल्या, तरी तिच्या जिवाला चैन पडेना. शेवटी साळूबाईंबरोबर शिंगणापूरला गेली. बायकांना तेव्हा चौथऱ्यावर जाऊ देत नव्हते, खालूनच शनीला तेल देऊन आली. "येशूला राग यायचा न्हाई. त्यालाबी आई हुती," एवढंच मला म्हणाली. तू उठून बसलास. पुढे वर्षभरात ती गेली, तर चर्चच्या मंडळीच्या कमिटीने ठरवलं की मूर्तीला तेल वाहणारीला आपल्या कबरस्तानात जागा नाही. बाबा कमिटीवर होते. फाटकाची किल्ली त्यांच्याच खिशात होती. सख्ख्या बहिणीची पेटी फाटकाबाहेर टेम्पोत, तू त्यांच्या पाया पडतोयस, आणि त्यांनी खिशातून हात काढला नाही. मिरजगावला तिच्या सासरच्या बांधावर आपण तिला मातीआड केलं आणि तू तिथूनच परस्पर पुण्याला गेलास. प्रार्थना तेव्हा पाळण्यात होती.

ते पान वाचलं त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळीच विचारलं, "त्या रखवालदाराचं शेवटी काय हुतं?" म्हटलं, चौथा भाग अजून यायचाय. तेव्हापासून रोज हाच प्रश्न. मी काय सांगू त्यांना?

मी तुझ्याशी वाद घालत नाही. तेव्हाही तुझंच बरोबर होतं आणि आजही आहे. पण वाचक म्हणून एक विचारते. तुझ्या बंडखोरांच्या राज्यात सगळ्यांना जागा मिळते. राजाच्या शिपायांना मिळते, सावकाराच्या विधवेला मिळते, त्या चोरालासुद्धा मिळते. एकट्या रखवालदाराला नाही. हे तुझं राजकारण आहे, की तुझा राग?

वर मी खोकला म्हणाले. खोकला नाही, डॅनी. फुप्फुसात गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, या वयात चिरफाड नको, घरी न्या, आवडीचं खाऊ घाला. बाबांना सगळं माहीत आहे. गेल्या आठवड्यात त्यांनी पाळकसाहेबांना घरी बोलावून सांगितलं की माझी जागा इथल्या कबरस्तानात धरू नका. साहेबांना वाटलं म्हाताऱ्याला भ्रम झाला. बाबा म्हणाले, "भ्रम तवा झाला हुता. मला मिरजगावला नेऊन मरियाच्या शेजारी ठिवा." आत्याच्या पुतण्याने, आसारामने, बांधावरची जागा देतो म्हणून कळवलंय. मी स्वयंपाकघरात जाऊन खूप रडले.

मग त्यांनी मला तुला निरोप लिहायला सांगितला. तू भिंगारला ये, मला माफ कर, असलं एक अक्षर त्यांनी काढलं नाही. म्हणाले, "त्याला लिव्ह, रखवालदाराला मारलं तरी चालंल. पर मारायच्या आदी त्याच्या हातनं यकदा फाटक उघडून घे म्हनावं."

हे मी लिहून पोस्टात टाकलं की माझं काम झालं, असं त्यांना वाटतं. मला नाही वाटत. छापलेलं पुस्तक त्यांच्यापर्यंत पोचणार नाही. तू येऊन उशाशी बस आणि शेवट तोंडाने सांग, मग तो कसाही असो. नाताळाला ये असं लिहिणार होते. नाताळापर्यंत थांबू नकोस. हे वाचून झालं की निघ.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझी ताई,
स्टेला